मुलुंड स्लो, बोरिवली फास्ट

लाँग वीकएंडला मुंबईत जायचं आणि गेटवे, मरीन ड्राइव्ह, कुलाबा कॉजवे यातलं काहीच बघायचं नाही? येस, शक्य आहे! तीन दिवस, चार उपनगरं आणि जुन्या मैत्रिणीकडे मुक्काम…

सव्वीस जानेवारी सोमवारी! नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं की नोकरदार माणूस आधी हेच बघतो. शनिवार, रविवार, सोमवार. आमच्या ग्रुपवर लगेच प्लॅन सुरू झाले. अलिबाग, महाबळेश्वर, गोवा. मग हॉटेलांचे रेट बघितले आणि नेहमीप्रमाणे अर्धा ग्रुप गळाला. मी यातल्या कशातच नव्हते. मी बोरिवलीकरला मेसेज टाकला होता, ‘शुक्रवारी रात्री येतेय. तीन दिवस राहणार.’ पाच मिनिटांनी उत्तर आलं, ‘नक्की, की नेहमीसारखं?’

टोमणा होता. आणि तो मला अगदी बरोबर लागू होता.

बोरिवलीकर हे तिचं हॉस्टेलमधलं नाव. पुण्यात मास कॉम करताना पहिल्या दिवशी सगळ्यांनी ‘मी मुंबईची’ अशी ओळख करून दिली. ही मात्र ठासून म्हणाली, ‘मी बोरिवलीची.’ झालं, बारसं तिथेच झालं. दोन वर्षं आम्ही एक रूम, एक बादली आणि एक मोबाइल चार्जर शेअर केला. नंतर ती मुंबईला परतली, मी पुण्यात फ्रीलान्सिंगला लागले. फोन रोजचे आठवड्यावर आले, मग महिन्यावर. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये तिचे बाबा गेले, तेव्हा मी एका फेस्टिव्हलच्या कव्हरेजसाठी गोव्यात होते. मेसेज केला. फोन चार दिवसांनी केला. ‘येतेच गं’ म्हणाले आणि गेले नाही. त्यानंतर कामासाठी मुंबईला डझनभर तरी चकरा झाल्या असतील. पण त्या सगळ्या दादर आणि सीएसएमटीच्या. मुलुंड काही वाटेवर नाही ना, असं मी स्वतःला सांगायचे. खरं तर पुण्याहून येणारी गाडी मुलुंडवरूनच जाते.

हो, मुलुंड. कारण बोरिवलीकर आता बोरिवलीत राहत नाही. त्यांची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आणि मुलुंड ईस्टला मामाची जागा रिकामी होती, म्हणून ती आणि काकू तिकडे आल्या. काकाही आले होते. ते मुलुंडलाच गेले.

रिक्षा दिसली की समजा उपनगर

शुक्रवारी रात्री ठाण्याला उतरले आणि स्लो लोकलने एक स्टेशन मागे… सॉरी, पुढे आले. मुलुंड ही मुंबईची अगदी कड, पलीकडे ठाणे सुरू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली रेल्वे गेली ती याच मार्गाने. स्टेशनबाहेर रिक्षांची रांग होती. ‘बघ, उपनगरात आलीस,’ बोरिवलीकर म्हणाली. मुंबईत रिक्षा सायन आणि बांद्र्याच्या पुढे दक्षिणेला जात नाही. त्यामुळे उपनगर कुठे सुरू होतं हे नकाशात बघायची गरज नाही. जिथे रिक्षा मिळते तिथे उपनगर!

आपण बाहेरगावचे लोक ज्याला मुंबई म्हणतो, तिच्यात मुंबईकर मुळात राहतात तरी किती? २०११च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या होती ३० लाख ८५ हजार आणि मुंबई उपनगर जिल्ह्याची ९३ लाख ५७ हजार. हा वेगळा जिल्हासुद्धा १९९०मध्ये झालेला. म्हणजे चारपैकी तीन मुंबईकर ज्या मुंबईत राहतात, ती आपण खिडकीतून बघत पुढे जातो.

घरी काकूंनी दार उघडलं. मी वाकून नमस्कार केला आणि काय बोलावं ते सुचेना. ‘बारीक झालीस गं,’ त्या म्हणाल्या आणि आत भात लावायला गेल्या. हॉलमध्ये काकांचा फोटो होता. मी फोटोसमोर उभी राहिले. बोरिवलीकर माझी बॅग उचलून आत गेली. त्या रात्री आम्ही बोललो ते सगळं ऑफिस, पगार आणि कॉमन फ्रेंड्सच्या लग्नांबद्दल.

शनिवार: तिचं अपडाऊन, माझं साइटसीइंग

शनिवारी सकाळी मुलुंडची फेरी. ईस्ट आणि वेस्ट ही इथे जवळपास दोन गावं आहेत. ईस्ट बऱ्यापैकी मराठी, शांत, सकाळी दुधाच्या पिशव्या आणि पेपर घेऊन परतणारे आजोबा. केळकर कॉलेजकडे जाणाऱ्या रस्त्याचं नाव मिठागर रोड, कारण खाडीच्या बाजूला खरोखरच मिठागरं आहेत. वेस्टला गुजराती वस्ती, फरसाणची दुकानं, सरळ रेषेत आखलेले रस्ते आणि पाच रस्त्यांचा प्रसिद्ध चौक. नाटकवेड्यांसाठी कालिदास नाट्यमंदिरही इकडेच. आणि मान वर केली की रस्त्याच्या टोकाला डोंगर! पुण्यात टेकड्या आहेत, पण मुंबईत डोंगर दिसेल ही माझी अपेक्षाच नव्हती.

‘तो कुठला?’ मी विचारलं.

‘नॅशनल पार्कचा. त्याच्या पलीकडे बोरिवली.’

मला हे माहीतच नव्हतं. मुलुंड आणि बोरिवली एकाच जंगलाच्या दोन बाजूंना आहेत. मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं १०० चौरस किलोमीटरहून मोठं जंगल. बिबट्या मनात आणेल तर एका रात्रीत इकडून तिकडे जाईल. माणसाला मात्र खाली घाटकोपरपर्यंत यायचं, तिथून आडवं अंधेरीला जायचं आणि पुन्हा वर बोरिवलीला चढायचं, नाहीतर ठाण्यावरून घोडबंदर रोडने वळसा घालायचा.

या वळशाचा पहिला अर्धा भाग म्हणजे तिचा रोजचा प्रवास, कारण तिचं ऑफिस अंधेरीला. तिला म्हटलं, आज मला तुझं अपडाऊन दाखव. ‘सुट्टीच्या दिवशी? तू पुणेकर आहेस म्हणून सोडते,’ असं म्हणून ती निघाली. लेडीज डब्यात चढताच तिने बसलेल्या बाईला विचारलं, ‘कुठे?’ बाई म्हणाल्या, ‘विक्रोळी.’ झालं, सीट बुक! एवढ्या कमी शब्दांत आमच्याकडे चहासुद्धा मिळत नाही. नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळीला ती सीट मला, पुढचं स्टेशन घाटकोपर, लगेच ऊठ.

घाटकोपरला लोकलमधून उतरून जिन्याने वर मेट्रोत. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो, ८ जून २०१४ला सुरू झाली. ११.४ किलोमीटर, १२ स्टेशनं. वीसेक मिनिटांत एसीची हवा खात अंधेरी. त्याआधी हाच रस्ता बसने किती वेळ खायचा, यावर डब्यातले जुने लोक अजूनही तावातावाने बोलतात.

अंधेरीबद्दल तुमची-माझी कल्पना काय? प्रॉडक्शन हाउस, ऑडिशन, लोखंडवाला. ते सगळं आहेच. पण बोरिवलीकरच्या ऑफिसच्या गच्चीवरून वेगळंच काहीतरी दिसतं. इमारतींच्या मध्ये उभा काळा कातळ! गिल्बर्ट हिल. सुमारे ६१ मीटर उंच, बेसॉल्टचे सरळ खांब एकमेकांना चिकटवून उभे केल्यासारखा. दख्खनचं पठार ज्या लाव्ह्यातून तयार झालं त्याच काळातला, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. अमेरिकेत वायोमिंगला डेव्हिल्स टॉवर आहे, तो बघायला लोक विमानाने जातात. आपल्याकडे त्याच जातीचा कातळ अंधेरी वेस्टला आहे आणि स्टेशनवरून रिक्षा जाते. बघायला कोणी नाही!

‘चार वर्षं गच्चीवरून बघतेय, एकदाही चढले नाही,’ ती म्हणाली. मग चढलो. कातळात पायऱ्या आहेत, वर गावदेवीचं देऊळ, थोडी झाडं आणि चक्क वारा. खाली झोपड्यांचे निळे प्लास्टिक, त्याला लागून टॉवर आणि दर थोड्या वेळाने उतरणारं विमान. आम्ही दहा मिनिटं काही न बोलता बसलो. हॉस्टेलच्या गच्चीवर बसायचो तशा. फक्त तेव्हाची शांतता वेगळी होती आणि आत्ताची वेगळी, हे दोघींनाही कळत होतं.

घाटकोपरचा डोसा आणि अर्धवट राहिलेलं वाक्य

परतीच्या वाटेवर घाटकोपर ईस्टला उतरलो. खाण्यावर प्रेम असेल तर वल्लभ बाग लेन चुकवू नका. संध्याकाळी सात वाजता या गल्लीत शिरलात की रस्ता तव्यांनी भरलेला. डोशात काय काय घालता येतं याचं इथे रीतसर संशोधन चालतं. चीज, पनीर, शेजवान चटणी, पावभाजीची भाजी, इतकंच काय तर आइस्क्रीम. उडप्याने बघितलं तर त्याला चक्कर येईल, पण गुजराती घाटकोपरने डोशाला दत्तक घेतलंय आणि लाडाने वाढवलंय! वर भरपूर बटर. आम्ही दोघींत दोन डोसे, एक पाणीपुरी आणि एक गोळा एवढा कार्यक्रम केला.

गोळा खाता खाता मी म्हणाले, ‘अगं, काकांच्या वेळी मी…’

‘उद्या लवकर उठायचंय,’ ती म्हणाली. ‘मेगाब्लॉक आहे. ब्लॉक सुरू व्हायच्या आत निघू.’

मेगाब्लॉक हा शब्द मुंबईत किती कामाला येतो बघा.

रविवार: काकांची सहल

तिच्या घरचा एक रिवाज मला हॉस्टेलपासून माहीत होता. काका ३० वर्षं चर्चगेटला नोकरी करत होते आणि रोज बोरिवली फास्ट पकडत. सुट्टीच्या दिवशी त्यांना ट्रेनचं तोंडही बघायचं नसे. म्हणून दर २६ जानेवारीला सोसायटीचं झेंडावंदन आटपलं की काका, काकू, ही आणि तिचा भाऊ डबा घेऊन कान्हेरीला. या वेळी २६ सोमवारी आली आणि नॅशनल पार्क सोमवारी बंद असतं. म्हणून आम्ही २५लाच निघालो. भाऊ बेंगळुरूला, काकूंचे गुडघे दुखतात. ‘तुम्ही दोघी जा,’ त्या म्हणाल्या आणि माझ्या हातात तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा दिला. माझ्या हातात, तिच्या नाही. मला ते जाणवलं.

घाटकोपर, मेट्रो, वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे स्टेशनला उतरून पुलावरून गुंदवली, तिथून दुसरी मेट्रो. ही लाइन २०२३च्या जानेवारीत गुंदवलीपर्यंत पूर्ण झाली. राष्ट्रीय उद्यान नावाच्या स्टेशनवर उतरलो की पार्क जवळच. गेटवर सायकली भाड्याने मिळतात, पण कान्हेरीपर्यंतचा रस्ता सहा-सात किलोमीटरचा आणि चढाचा आहे. फार हिरोगिरी न करता आम्ही बस पकडली.

कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपास सुरुवात झाली आणि जवळजवळ हजार वर्षं इथे भिक्षूंचा राबता होता. तिसऱ्या लेण्यातला चैत्य आणि त्याच्या व्हरांड्यातल्या सुमारे सात मीटर उंच बुद्धमूर्ती सगळेच बघतात, फोटो काढतात आणि खाली उतरतात. तुम्ही तसं करू नका. वर चढा. कातळात कोरलेल्या पायऱ्यांनी वर गेलं की भिक्षूंच्या खोल्या, बसायला दगडी ओटे आणि जागोजागी पाण्याच्या टाक्या. डोंगरावर पडणारा पाऊस बारीक पन्हळींनी टाक्यांत आणायची ही सोय. ४१ नंबरच्या लेण्यात अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर आहे, तोही शोधाच.

‘बाबा आम्हाला टाक्या मोजायला लावायचे,’ ती म्हणाली. ‘जो जास्त मोजेल त्याला जास्त बोरं. आणि दर वर्षी तोच जोक.’

जोक असा. इथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. त्यातले काही कल्याणचे, काही सोपाऱ्याचे, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचे. काका म्हणायचे, ‘बघा, सेंट्रलवाले आणि वेस्टर्नवाले दोन हजार वर्षांपूर्वीही इथेच भेटत होते!’

मी खूप हसले. ती हसली आणि मग तिचा चेहरा बदलला. आम्ही वरच्या एका ओट्यावर बसलो होतो. एका बाजूला लांबवर बोरिवलीच्या इमारती, दुसऱ्या बाजूला नुसतं जंगल.

‘मामाचं घर त्या डोंगरामागे, असं ते दाखवायचे. शेवटी तिकडेच…’ ती थांबली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘तू आली नाहीस.’

माझ्याकडे कारणं तयार होती. असाइनमेंट, तिकीट मिळालं नाही, नंतर फार उशीर झाला म्हणून लाज वाटली. दोन वर्षं मी ती पॉलिश करत होते. त्यातलं एकही तिथे बोलावंसं वाटलं नाही.

‘हो,’ मी म्हणाले. ‘यायला हवं होतं.’

‘सगळे आले होते गं. ऑफिसचे, बिल्डिंगचे, कोण कोण. मी दारात उभी राहून तुझी वाट बघत होते. येड्यासारखी.’

मी काहीच बोलले नाही. तीही नाही. खाली उतरून पार्किंगजवळ डबा उघडला, तेवढ्यात एका माकडाने येऊन वरच्या दोन पुऱ्या उचलल्या आणि शांतपणे आमच्यासमोर बसून खाल्ल्या. ‘दर वर्षी हाच येतो,’ ती म्हणाली आणि दोघी एकदम हसलो. वाटेत आदिवासी बायका बोरं विकत होत्या. तिने दोन वाटे घेतले. एक मला दिला. ‘टाक्या मोजल्या नाहीस तरी घे.’

तिसऱ्या मजल्यावरून अकराव्या

पार्कमधून निघून हायवे ओलांडला आणि रिक्षाने बोरिवली वेस्टला गेलो. बाभईत, तिच्या जुन्या पत्त्यावर. काका गेल्यानंतर ती इकडे आलीच नव्हती. कोपऱ्यावरच्या भाजीवालीने तिला लगेच ओळखलं. ‘आई कशी आहे? पाय काय म्हणतात?’ दोन जुड्या मेथी पिशवीत टाकल्या आणि पैसे घेतले नाहीत.

सोसायटी होती तिथे आता चौफेर पत्रे. आत पंधरा-सोळा मजल्यांचा सांगाडा उभा राहिलाय. वॉचमनने आत सोडलं नाही. ती रस्त्याच्या पलीकडे उभी राहून हवेत बोट दाखवत मला घर दाखवत होती. ‘आमचा तिसरा मजला साधारण तिथे. इथे जास्वंद होतं. आता लॉटरीत अकरावा मिळालाय, पूर्वेकडचा. बाबा किती खूष होते. म्हणाले, आता घरात बसून डोंगर दिसेल.’

मुंबईच्या उपनगरांत सध्या कुठल्याही गल्लीत जा, एक तरी बिल्डिंग अशी पत्र्याआड असते. आपण बाहेरचे लोक म्हणतो, वा, मोठं घर मिळणार! मिळतंच. पण मधली तीन-चार वर्षं माणसं भाड्याच्या घरात काढतात आणि तेवढ्या काळात घरातलं कोणीतरी कमी होऊ शकतं, हे कुठल्या ब्रोशरमध्ये नसतं.

परतीला मेगाब्लॉकने गाठलंच. घाटकोपरच्या प्लॅटफॉर्मवर अख्खं शहर जमलं होतं. मेथीची पिशवी डोक्यावर धरून आम्ही तिसरी लोकल पकडली. ‘तो बोगदा होतोय ना,’ ती गर्दीतून ओरडून म्हणाली, ‘गोरेगाव-मुलुंडचा, जंगलाखालून! तो झाला की हा वळसाच नको.’ जुलै २०२४मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. ४.७ किलोमीटरचे जुळे बोगदे. ठाण्याहून थेट बोरिवलीला जाणारा दुसरा बोगदाही खणला जातोय. ‘पण तो होईल तेव्हा मी परत बोरिवलीला गेलेली असेन. मला काय उपयोग?’

‘काकूंना मुलुंडला मामाकडे जायला होईल,’ मी म्हणाले.

‘आणि तुला? पुण्याहून ठाणे, ठाण्याहून बोगदा. आता बहाणा चालणार नाही हं.’

सोमवारी सकाळी खालच्या सोसायटीत झेंडावंदन झालं, लाउडस्पीकरवर देशभक्तीची गाणी लागली. काकूंनी मेथीचे पराठे केले. मी फोटोसमोर दोन बोरं ठेवली. तिने बघितलं, काही म्हणाली नाही. दुपारी मला सोडायला ती ठाण्यापर्यंत आली. प्लॅटफॉर्मवर विचारलं, ‘पुढचा लाँग वीकएंड कधी आहे?’

मी मोबाइलमध्ये कॅलेंडर उघडलं. तिने तो माझ्या हातातून घेतला आणि तारीख स्वतः टाकली.

तुम्हीही जाणार असाल तर…

• पुण्याहून येताना मुलुंडला जायचं असेल तर दादरपर्यंत जाऊ नका. ठाण्याला थांबणारी गाडी घ्या, पुढे स्लो लोकलने एकच स्टेशन.

• नॅशनल पार्क आणि कान्हेरी सोमवारी बंद. कान्हेरीचं तिकीट वेगळं काढावं लागतं. सकाळी लवकर पोहोचा, पाण्याची बाटली ठेवा आणि खाण्याच्या पिशव्या माकडांपासून सांभाळा.

• गिल्बर्ट हिलला अंधेरी वेस्टहून रिक्षा करा. ऊन उतरल्यावर चढा. वर देऊळ आहे, त्यामुळे चपला हातात घ्यायची तयारी ठेवा.

• वल्लभ बाग लेनला जायचं तर दुपारचं जेवण कमी करा.

• रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉक कुठे आहे ते बघा.

• आणि हॉटेल बुक करू नका. उपनगरात तुमचंही कोणीतरी असेलच. फोन करा.